चार जहाजांचे टेबलक्लॉथ

पलंगापासून बाल्कनीच्या दारापर्यंत भिंतीवर हाताचे सतरा डाग होते. अकरा खांद्याच्या उंचीला, पाच कमरेच्या उंचीला आणि एक, स्वयंपाकघराच्या वळणावरचा, गुडघ्याच्या जरा वर. अंतर सहा मीटर चाळीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण दर अडतीस सेंटिमीटरला एक हात. जेवणाच्या टेबलावर चार माहितीपत्रकं, दोन चष्मे, एक पट्टी, एक पेन्सिल आणि मामाने आणलेला बिस्किटांचा पुडा. पुड्यात अठरापैकी नऊ बिस्किटं शिल्लक होती, आणि मामाला येऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

डाग बाबांच्या हाताचे होते आणि ते मोजणारी त्यांची एकुलती एक मुलगी. तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणत. लहानपणी दोन ग्लासांत दूध ओतलं की ती खाली वाकून दोन्ही पातळ्या डोळ्यांच्या रेषेत आणून बघायची. तेव्हा चिकटलेलं हे नाव पदार्थविज्ञानाची पदवी मिळाल्यावरही सुटलं नाही. उलट नोकरी लागली तीही वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, त्यामुळे नावाला सरकारी शिक्का बसल्यासारखंच झालं.

बाबांनी एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली होती. जमिनीपासून चाळीस मीटर उंचावर, वाऱ्यात डुलणाऱ्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी हजारो जहाजं भरली आणि रिकामी केली, पण एकावरही पाऊल ठेवलं नव्हतं. "निवृत्त झालो की बोटीनं जायचं आणि पाण्यातून आपली क्रेन बघायची," हे वाक्य घराने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते भिंतींनाही पाठ असावं. निवृत्त झाले, आणि पाचव्याच महिन्यात डाव्या कानात संसर्ग झाला. ताप उतरला, ऐकूही नीट येऊ लागलं, पण त्या कानातला तोल गेला तो गेलाच. आता चार पावलं टाकायची तरी त्यांना भिंत लागे. सात महिने ते घराबाहेर पडले नव्हते. सुरुवातीला त्याचं कारण 'अजून बरं वाटत नाही' असं होतं. अलीकडे ते 'कशाला उगाच' असं झालं होतं, आणि मोजपट्टीला भीती वाटत होती ती या दुसऱ्या कारणाची.

कानाच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "बोटीवर जाऊ दे त्यांना. थोडं हलणं चांगलंच असतं, मेंदू त्यातून तोल नव्यानं शिकतो. पण थोडं. जहाज जोरात डोललं आणि हे एकदा का पडले, तर हाडाआधी धीर मोडेल. मग हे पुन्हा उंबरठा ओलांडतील असं मला वाटत नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच होता: कमीत कमी डोलणारं जहाज कोणतं? घरापासून अकरा किलोमीटरवरच्या बंदरातून पुढच्या महिन्यात चार सफरी निघणार होत्या. चारही ठिकाणी दोघांची खोली शुक्रवारपर्यंत राखून ठेवलेली, आणि आज रविवार होता.

"हे घ्या," मामा म्हणाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कुठलीही गोष्ट स्वतः न करता तिची खडान्‌खडा माहिती असणारा माणूस. त्याने सर्वांत गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. "पांढरं जहाज. अठरा मजले, सात रात्री, सरळ बेटांपर्यंत. एवढं मोठं धूड हलेल कशाला? भावोजी, तुम्हाला वाटेल हॉटेलात झोपलोय."

"हॉटेलात झोपायचं तर समुद्रात कशाला जायचं?" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"हे असं असतं यांचं! ताई, बघ गं."

आई पलीकडे पलंगावरची चादर घालत होती. तिने नुसतं "हं" केलं आणि चादरीचा कोपरा असा ओढला की त्यावर एक सुरकुती राहिली नाही.

मोजपट्टीने आपला कागद उलगडला. तिने चारही सफरींचा तक्ता केला होता. त्या महिन्यातल्या लाटांची सरासरी उंची, जहाजाचा आकार, डोलणं आवरणारे पोटाखालचे पंख आहेत की नाहीत, जहाजावर डॉक्टर आहे का, वाटेतलं इस्पितळ किती दूर. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांची बेरीज शंभरपैकी. पांढरं जहाज एक्क्याऐंशी. त्याखालोखाल नवंकोरं, भिंतीऐवजी काचाच असलेलं जहाज, दक्षिणेकडे सहा रात्री, सत्त्याहत्तर. निळ्या पट्ट्याचं, उत्तरेकडे चार रात्री, चौसष्ट. आणि शेवटी एक ठेंगणं, जुनं जहाज. पाच रात्री किनाऱ्या-किनाऱ्याने, ज्यांची नावंही कोणी घेत नाही अशा बारक्या बंदरांतून. त्याला बावन्न.

"बघा, विज्ञानही माझ्याच बाजूनं आहे," मामाने दहावं बिस्किट उचललं. आता आठ उरली.

बाबांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला. रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "छान केलायस. पण मोजपट्टी, यात मी कुठे आहे गं?"

"सगळा तुमच्यासाठीच आहे, बाबा."

"माझ्यासाठी असेल. पण दिसत नाही मी त्यात. लाट किती उंच ते आहे. ती आली की माझ्या पायाखाली काय होणार, ते कुठे आहे?"

मोजपट्टीने चारही माहितीपत्रकं पुन्हा उलटून पाहिली. लाटेची उंची समुद्रात मोजलेली होती. जहाजाच्या आतल्या माणसाला ती किती पोहोचते, याचा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. कंपन्या तो छापतील कशाला?

तेवढ्यात आई टेबलाशी आली. तिने पांढऱ्या जहाजाचं चित्र हातात घेतलं आणि लांब धरून बघितलं.

"हे नको," ती म्हणाली. "याचे टेबलक्लॉथ ओले येतात."

मामाला ठसका लागला. "अगं ताई, लोक जहाज निवडताना डेक बघतात, पोहण्याचा तलाव बघतात. तू टेबलक्लॉथ बघतेस?"

"तू डेक बघ ना, तुला कोण अडवतंय? मला जे बघायला मिळतं ते मी बघते. आणि मी धुऊन बघते."

आई बंदरामागच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं कामाला होती. बंदरात थांबणाऱ्या प्रवासी जहाजांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ सगळे तिथेच धुतले जात, आणि आलेला प्रत्येक कपडा आधी निवडणीच्या टेबलावर तिच्या हाताखालून जाई. हे मोजपट्टीला जन्मापासून माहीत होतं. पण घरातला माणूस दिवसभर काय करतो हे माहीत असणं आणि त्याला काय कळतं हे माहीत असणं, यांतलं अंतर तिने कधी मोजलं नव्हतं.

"ओले म्हणजे सांडलेले?" तिने विचारलं.

"सांडलेलं ओलं वेगळं. त्याला डाग असतो, एका जागी असतो. हे सगळीकडून सारखं ओलं आणि डाग नाही. पहिल्या वर्षी मलाही कळेना, हे काय गौडबंगाल आहे. शेवटी पिशव्या उतरवायला आलेल्या वेटरलाच विचारलं. तो म्हणाला, समुद्र खवळला की आम्ही जेवणाआधी टेबलक्लॉथवर पाणी शिंपडतो. ओल्या कापडावर ताट घसरत नाही."

बाबांनी टेबलावरचा रिकामा ग्लास बोटाने ढकलून पाहिला. तो सरळ घसरत बिस्किटांपाशी गेला.

"ताट घसरतं तिथे मीही घसरणारच," ते म्हणाले. "हा रकाना पाहिजे होता मला."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस!"

"विचारलं कोणी?" आई म्हणाली आणि उशीला खोळ घालायला गेली.

मोजपट्टीचा आईवर विश्वास होता, पण तिच्या कामात विश्वासाला शून्य गुण असत. आठवण ही गोष्ट फसवी. चार ओले गठ्ठे लक्षात राहतात आणि चाळीस कोरडे विसरले जातात. तिने विचारलं, "याची कुठे नोंद असते का?" आई म्हणाली, "ओल्याची कोण नोंद ठेवणार? वजनाची असते." आणि मोजपट्टी खुर्चीतून उठलीच.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आईबरोबर लाँड्रीत गेली. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला सहा मोठी यंत्रं, प्रत्येकाच्या गोल काचेत पांढरा फेस गरगरत असलेला. दुसऱ्या बाजूला इस्त्रीचे तापलेले रूळ. एका टोकाने ओली चादर आत जाई आणि दुसऱ्या टोकाने कडक, गरम बाहेर येई. हवेत साबणाचा वास आणि कापसाची बारीक धूळ. मधोमध निवडणीचं टेबल. आईने डोक्याला फडकं बांधलं, बाह्या सारल्या, आणि ती आपली आईच आहे का असा मोजपट्टीला प्रश्न पडला.

गाडीवरून जाड कापडाची पिशवी उपडी झाली की आई दोन्ही हात त्या ढिगात घाली. बघत नसे, शेजारणीशी गप्पा चालू असत. टॉवेल डावीकडे, चादर उजवीकडे, फाटलेलं मागे. टेबलक्लॉथ हाताला लागला की ती क्षणभर हाताची मागची बाजू त्यावर टेकवी, लहान मुलाचा ताप बघावा तशी, आणि मगच तो पुढे जाई. मोजपट्टीने घड्याळ लावलं. एका मिनिटात एकेचाळीस कपडे. तिने नंतर ढीग तपासले तेव्हा एकही कपडा चुकीच्या ढिगात नव्हता.

"तुझी आई म्हणजे चालतं यंत्र आहे," शेजारीण म्हणाली. "फक्त यंत्राला तोंड नसतं."

"तुला तरी कुठे कमी आहे?" आई म्हणाली आणि दोघी हसल्या.

वजनाचा काटा दाराशी होता आणि त्यावर एक टकलू गृहस्थ बसत. सगळे त्यांना काटेकाका म्हणत. आलेला प्रत्येक गठ्ठा ते मळका असताना एकदा तोलत, यंत्रात किती भरायचं ते ठरवण्यासाठी, आणि धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत जाताना पुन्हा तोलत, पोचपावतीसाठी. सगळं त्यांच्या वहीत: जहाज, तारीख, नग, मळकं वजन, कोरडं वजन. अक्षर मोत्यासारखं.

"वही बाहेर जाणार नाही," काटेकाका म्हणाले. "इथे बसून उतरव. आणि काट्याकडे अशी संशयाने बघू नकोस, गेल्या महिन्यात तुमच्याच प्रयोगशाळेनं पास केलाय."

"माझीच सही आहे त्यावर, काका."

"मग तर बघूच नकोस."

मोजपट्टी स्टुलावर बसली. मळक्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की उरतं ते मुख्यतः पाणी, आणि नगांनी भागलं की दर टेबलक्लॉथमागे किती पाणी ते कळतं. अन्नाच्या डागांचंही वजन त्यात थोडं असणार. ते चारही जहाजांवर सारखंच आहे असं तिने धरलं आणि तसं बाजूला लिहूनही ठेवलं. गेल्या तीन वर्षांतला फक्त सफरीचाच महिना घेतला. पांढऱ्या जहाजाच्या अकरा फेऱ्या, निळ्या पट्ट्याच्या चौदा, ठेंगण्याच्या बारा, काचेच्या जहाजाच्या नऊ. दुपारपर्यंत चार आकडे हाती आले. पांढरं: दर टेबलक्लॉथमागे चौऱ्याण्णव ग्रॅम. निळ्या पट्ट्याचं: एकाहत्तर. ठेंगणं: तेहतीस. काचेचं: एकोणीस.

पांढऱ्या जहाजाबद्दल आई बरोबर होती, आणि तक्ता चूक का होता तेही मोजपट्टीला नकाशा काढल्यावर दिसलं. तिने लाट किती उंच ते घेतलं होतं, ती कुठल्या बाजूने येते ते घेतलं नव्हतं. पांढऱ्या जहाजाची वाट अशी होती की दोन दिवस लाट त्याच्या कुशीवर आपटणार. अठरा मजल्यांची उंची अशा वेळी कामाला येत नाही, उलट वाऱ्याला आयती भिंत मिळते.

पण काचेचं जहाज! एकोणीस ग्रॅम! ती आपली वही घेऊन जवळजवळ पळतच निवडणीच्या टेबलाशी गेली. "आई, मिळालं! काचेचं जहाज. सगळ्यांत कोरडं!"

आईने वहीत पाहिलं. आधी तिच्या डोळ्यांच्या कडा हलल्या, मग तिला हसू आवरेना. शेजारणीनेही मान वाकडी करून आकडा वाचला आणि ती तोंडाला फडकं लावून वळली.

"काय झालं?"

"ये इकडे." आईने एका शेल्फवरून काचेच्या जहाजाचा धुतलेला टेबलक्लॉथ काढला, दुसऱ्यावरून ठेंगण्या जहाजाचा, आणि दोन्ही पसरले. मग आपल्या ग्लासातलं थोडं पाणी दोन्हींवर ओतलं. ठेंगण्याचा टेबलक्लॉथ पाणी पिऊन गडद झाला. काचेच्या जहाजाच्या टेबलक्लॉथवर पाण्याचे मणी झाले, ते गडगडत कडेला गेले आणि जमिनीवर पडले.

"पहिल्यापासून हे असलं चकचकीत, बनावटी कापड वापरतात ते," आई म्हणाली. "हे पाणी धरतच नाही. त्यांनी बादली ओतली तरी काट्यावर काय दिसणार? हाताला कळतं, काट्याला नाही."

मोजपट्टी त्या मण्यांकडे पाहत राहिली. विद्यापीठात पहिल्याच वर्षी शिकवलेली गोष्ट होती: आकडा घेण्याआधी, तो ज्यातून घेतोस त्या वस्तूकडे बघ. आणि ती सकाळपासून ज्या वस्तूंचे आकडे मांडत होती, त्यांतल्या एकीलाही तिने हात लावला नव्हता.

"मग किती धरतं ते मोजू," ती म्हणाली. "आई, तो वेटर जसं शिंपडायचा तसं तुला येतं?"

"न येऊन कुणाला सांगते? तुझे शाळेचे कपडे इस्त्री करताना काय करायचे मी?"

मग जेवणाच्या सुट्टीत काट्यापाशी प्रयोग झाला. ठेंगण्या जहाजाचे दहा कोरडे टेबलक्लॉथ एकेक करून पसरले, आईने वाटीत बोटं बुडवून प्रत्येकावर पाणी शिंपडलं, काटेकाकांनी तोललं आणि मोजपट्टीने लिहिलं. आईचा हात मनगटातून सुटे, पाचही बोटं एकदम उघडत, आणि थेंबांचा पंखा कापडावर असा पसरे की कुठे थारोळं नाही, कुठे कोरडं बेट नाही. एकशे दहा ग्रॅम. एकशे नऊ. एकशे अकरा. एकशे दहा. मोजपट्टीने चौथ्या आकड्याला मान वर केली. दहा टेबलक्लॉथ झाले तेव्हा सर्वांत कमी आकडा एकशे आठ होता आणि सर्वांत जास्त एकशे बारा. प्रयोगशाळेत पाणी सोडणारी दोन यंत्रं होती. त्यांतल्या एकाला हे जमलं नसतं आणि दुसरं दुरुस्तीला गेलेलं होतं.

"आई, पुन्हा कर ना."

"का? चुकलं?"

"नाही. बघायचंय."

आईने पुन्हा केलं. काटेकाकांनी यावेळी आकडा मोठ्याने न वाचता काटा तिच्याकडे वळवला. एकशे दहा. पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्याच्या जहाजांचं सुती कापड याच जातीचं निघालं. काचेच्या जहाजाचा टेबलक्लॉथ मात्र तेवढ्याच शिंपडण्याने फक्त चोवीस ग्रॅमने जड झाला. बाकीचं पाणी त्याने जमिनीला दिलं.

आता भागाकार सरळ होता. एकोणीसला चोवीसने भागायचं, बाकीच्यांना एकशे दहाने. शंभर टेबलक्लॉथमागे ओले किती: पांढरं जहाज पंचाऐंशी, काचेचं एकोणऐंशी, निळ्या पट्ट्याचं पासष्ट, ठेंगणं तीस.

"हे तर तोंडीच सांगितलं असतं मी," आई म्हणाली. "ठेंगणं बेटांच्या आडोशानं जातं, आणि जेवणाच्या वेळेला बहुतेकदा कुठल्या तरी बंदरात बांधलेलं असतं. त्याच्या टेबलक्लॉथवर डाग जास्त असतात. माणसं निवांत जेवतात ना, मग सांडतात."

मोजपट्टीने ते वाक्यही वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी मामाला हे पटवणं हा वेगळाच प्रयोग होता. "तीस-पंचाऐंशी ठीक आहे, पण त्या ठेंगण्यावर आहे काय? तलाव नाही, नाटकगृह नाही. गच्चीवर चार खुर्च्या! भावोजी, एकदाच जाणार तर..."

"चार कशाला? दोन पुरतील आम्हाला," बाबा म्हणाले.

त्यांनी नवा कागद मागून घेतला होता. त्यावर एकच रकाना होता. ते बराच वेळ तो बघत बसले, आणि मग आईकडे बघत बसले. पंचवीस वर्षं दोघं एकाच बंदरावर कामाला जात होती. हे वर काचेच्या खोलीत, ती खाली पत्र्याच्या शेडमध्ये. डबा एकाच ओट्यावर भरला जाई.

"वरून तुमच्या शेडचं नुसतं छप्पर दिसायचं गं," ते म्हणाले. "वाफ निघताना दिसायची. मला वाटायचं, खाली कपडे धुतायत."

"कपडेच धूत होते," आई म्हणाली. "जायचं का नाही ते बोला."

"ठेंगण्यानं जाऊ."

निघण्याचा दिवस उजळ आणि साधारण वाऱ्याचा होता. बंदराच्या फाटकापासून जहाजाच्या शिडीपर्यंत धक्क्याच्या कडेने लोखंडी कठडा आहे. फाटकाच्या आत मोजपट्टीची गाडी जाऊ देत नव्हते. व्हीलचेअर मिळत होती, पण बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती ढकलणारा माणूसच दोन पावलं मागे सरला. मग आई डावीकडून, कठडा उजवीकडून, आणि मोजपट्टी मागून मोजत. फाटक ते शिडी दोनशे शहाऐंशी पावलं. कठड्याला हात एकेचाळीस वेळा. शिडीपाशी बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"किती?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"काय किती?"

"तू मोजलं नाहीस असं होईल का? सांग."

तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शिडीचा दांडा धरला.

दर संध्याकाळी जेवण झालं की आईचा फोन येई, आणि तिला पहिला शब्द 'हॅलो' सांगण्याची गरज कधी वाटली नाही. पहिल्या दिवशी: "कोरडा." दुसऱ्या दिवशी: "कोरडा. आणि इथल्या मुलाला नीट घडी घालता येत नव्हती, दाखवली." तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "अगं सुट्टीवर आलीयेस!" दुसऱ्या दिवशीच बाबांनी आदल्या दिवशीचा एक फोटो पाठवला. खूप पाणी, खूप आकाश, आणि मधल्या रेषेवर काडेपेटीतल्या काडीएवढी एक उभी रेघ. खाली लिहिलं होतं: 'चार नंबर. रंग उडालाय. कळवायला हवं.'

तिसऱ्या दिवशी फोन नेहमीच्या वेळी आला नाही. मोजपट्टीने भांडी घासली, पुसली, लावली. हवामानखात्याचा नकाशा उघडला आणि बंद केला, कारण त्यातून जे कळणार नव्हतं ते तिला आता माहीत होतं. चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"ओला," आई म्हणाली.

"बाबा?"

"बसून होते. ग्लास अर्धाच भरायला सांगितला. ताट जागचं हललं नाही. मग म्हणाले, आता खोलीत जाऊ. मी म्हटलं, थांबा थोडं, तर म्हणाले, क्रेनची खोली याहून जास्त डुलायची, फक्त तिथे मी बसलेला असायचो. भिंतीला धरून गेले. तीनदा थांबले."

"पडले नाहीत ना?"

"पडले असते तर हे आधी सांगितलं असतं. उद्या सकाळी गच्चीवर चालायचं म्हणतायत. झोप आता."

घड्याळात साडेआठ वाजले होते. चौथ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा कोरडा. पाचव्या दिवशीचा फोन फक्त अकरा सेकंद चालला, कारण बाबा गच्चीवर एकटेच पुढे निघून गेले होते आणि आईला त्यांच्या मागे जायचं होतं.

परतीच्या सकाळी मोजपट्टी फाटकाशी एक तास आधी पोहोचली. ठेंगणं जहाज धक्क्याला लागलं. माणसांच्या आधी मळक्या कपड्यांच्या गाड्या उतरल्या, जाड कापडाच्या पिशव्यांनी लादलेल्या, आणि फाटकातून तिच्या शेजारून लाँड्रीकडे वळल्या. एका पिशवीचं तोंड सैल होतं, टेबलक्लॉथचा कोपरा बाहेर आला होता. तिने गाडीवाल्याची परवानगी मागितली आणि हाताची मागची बाजू त्यावर टेकवली.

मग माणसं उतरू लागली. आई शिडीवर दिसली, दोन्ही हातांत दोन पिशव्या. म्हणजे तिचा एकही हात बाबांसाठी मोकळा नव्हता. बाबा तिच्या मागे होते. शिडीच्या पायथ्याशी ते थांबले, त्यांनी चार नंबरच्या क्रेनकडे मान वर करून पाहिलं, आणि मग फाटकाकडे पाहिलं. मोजपट्टीने खिशातून पेन्सिल काढली.

शिडी ते फाटक दोनशे एकोणसाठ पावलं. कठड्याला हात चार वेळा.